इस्तारी गमत्याचा डावा पाय

दिवाळी सरली की आमच्या पोंभुर्ण्याकडच्या गावांत मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू व्हायच्या. हलका धान कापून झालेला, भारी धान अजून वावरात उभा, लेकी माहेरी आलेल्या. आज या गावची मंडई, उद्या पलीकडच्या गावची. माणसं बैलांच्या हलक्या रेंग्या जुंपून सहकुटुंब निघायची, आणि मंडई म्हटली की भर दिवसा दंडार, म्हणजे सोंगांचं नाटक, व्हायचं. आता मंडईत भोंगे लागतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि लोक म्हणतात मोठी रंगत आली. येवो बापडी. मी पाहिलेली रंगत धानाच्या पेंढ्यावर, तणसावर मांडी घालून बसायची, आणि तिचा धनी इस्तारी होता.

इस्तारी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, गोकुळाबाईचा नवरा. मी तेव्हा जनपद सभेच्या शाळेत मास्तर झालो होतो आणि बहिणीच्याच घरी राहत होतो. भाऊजी आणि साळा हे नातंच थट्टेचं, त्यात हा माणूस गावाचा नेमलेला थट्टेखोर. तेव्हा माझं काय होत असेल ते समजून घ्या. मी शाळेला निघालो की अंगणातून आवाज यायचा, "मास्तर, लेकरायले शिकवता का तुमीच शिकून येता?" शेजारीपाजारी हसायचे. मला राग यायचा, तो गावाच्या वेशीपर्यंत टिकायचा आणि मग मलाच हसू फुटायचं.

आमच्या दंडारीत राजा, प्रधान, लुगडं नेसलेला पुरुष ती राणी, आणि एक गमत्या, म्हणजे हसवणारा. राजा व्हायचे गुणवंतराव. चांगले दणकट, मिशा पिळलेले, आवाज खणखणीत. त्यांचं सगळं बोलणं पाठ असायचं आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर चिडायचे. गमत्याला मात्र पाठ करण्यासारखं काहीच नसतं. त्याने यायचं, समोरच्या माणसांकडे बघायचं आणि सुचेल ते बोलायचं. इस्तारीभाऊ तोंडाला मुर्दाडशिंग फासून, काजळाची एकच मिशी काढून यायचा. एकच, उजव्या बाजूला. दुसरी कुठे गेली म्हणून राजाने विचारलं की रोज नवं उत्तर. कधी बायकोने गहाण ठेवली, कधी उंदराने नेली, कधी पाटलाने मागून नेली आणि परतच केली नाही. मी बाजूला बसून पेटी वाजवायचो, आणि हसण्याच्या नादात माझी बोटं भलत्याच पट्ट्यांवर पडायची.

ज्या वर्षाचं सांगतो आहे, तेव्हा आमचा चांदा जिल्हा, आजचा चंद्रपूर, अजून मध्यप्रदेशात होता. दसऱ्याच्या आसपास भाऊजी लाकडं भरून बंडी घेऊन आला. लाकडं मागच्या बाजूला जास्त झाली होती. बैल सोडले न सोडले तोच बंडी उलाळली. मागचं मागे बसलं, पुढचं जू फाडकन वर आलं आणि त्याच्या कानशिलाच्या वर बसलं. तो खाली बसला. आम्ही धावलो. त्याने डोळे मिटले, उघडले आणि समोर उभ्या असलेल्या बैलाला हात जोडून म्हणाला, "रामराम पाटील. मारता तं मारता, निदान सांगून तं मारा."

झालं. अंगणभर हसू. गोकुळाबाईने टेंगळावर हळद-चुना लावला. रक्ताचा थेंब नव्हता. भाऊजी जेवला आणि तालमीला गेला. तिथे त्याने हाच प्रसंग करून दाखवला. जुवाच्या जागी बांबू धरला आणि बैलाच्या जागी गुणवंतराव. तालीम बंद पाडावी लागली इतके सगळे हसले. "बंडी उलाळली" ही त्या वर्षीची नवी गंमत ठरली, आणि गावाच्या लेखी ती घटना तेव्हापासून गंमतच होऊन बसली.

दिवाळीनंतर मंडया लागल्या आणि भाऊजीच्या कामात एक वेगळाच रंग दिसू लागला. तो डावा पाय ओढत यायचा. फार नाही, अंगठा जमिनीला घासत जायचा, तणसात अडकायचा. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि गुणवंतरावांच्या तोंडाकडे असा बघायचा की हा कोण नवा प्राणी. मंडळी लोटपोट. एका मंडईत राजाचा दरबार भरलेला असताना तो सरळ जाऊन राजाच्या खाटल्यावर बसला आणि झोपला. गुणवंतराव आधी खरेच चिडले, त्यांनी तलवारीच्या टोकाने डिवचलं, तर याने एक डोळा उघडला, "येतो," म्हणाला आणि पुन्हा घोरू लागला. मी हसून पेटीवर आडवा झालो. म्हातारी माणसं म्हणत होती, असा गमत्या उभ्या जन्मात पाहिला नाही.

कीर्ती काय पसरली म्हणता! गावोगावची मंडळी सुपारी घेऊन यायची आणि विचारायची, "थो लंगडणारा येते नं?" रस्त्याने पोरं डावा पाय ओढत चालायची. दुसऱ्या एका गावच्या गमत्याने ही चाल उचलली, तर आमच्या मंडळींनी भांडण काढलं की ती आमची आहे. एखादा राजा बोलणं विसरला असता तर पहिल्याच दिवशी आम्हाला कळलं असतं. गमत्याला पाठच नसतं, तर तो विसरला हे कळणार कोणाला?

कळलं ते गोकुळाबाईला. भारी धानाची कापणी चालली होती. मी रविवारी वावरात भाकर घेऊन गेलो, तर ती विळा टाकून बांधावर बसली होती. भाऊजी दूरच्या बांधीत, धानाच्या बांध घातलेल्या तुकड्यात, पाठमोरा चालला होता, तसाच पाय ओढत.

"नाना," ती म्हणाली, "मंडईत लंगडते, ठीक आहे. लोक हसते. इथी कोणासाठी लंगडून राह्यला थो?"

मी म्हणालो, "सराव करत असतील, बाई."

"पायातली वहाण केव्हाची गळली, त्याले पत्ताच नाई. मांगं पडली आहे, पाह्य. रोज सकाळी डोस्कं धरून बसते. काल मले गोकुळा म्हणाचं सोडून भलत्याच नावानं हाक मारली. अन् मी दंडारीतली राणी नोहो."

मी पाहिलं. वहाण चिखलात पालथी पडली होती आणि भाऊजी अनवाणी डाव्या पायाने खुंटांवरून चालला होता. पाऊल रक्ताळलं होतं.

भाऊजीला मी त्याच दिवशी विचारलं. तो हळूच म्हणाला, "मास्तर, पाय येत नाई मनासारखा. बोलतो म्हणतो तं शब्द गावत नाई. पयल्या मंडईत लय भ्यालो. पण लोक हसले. म्हटलं चला, हसून राह्यले नं, मंग चालते." एवढं बोलून तो तिथेच बांधाला टेकून झोपला. आजही ते आठवलं की मला त्याचा राग येतो आणि रडूही येतं. घाबरलेला माणूस लोकांसमोर उभा होता, आणि लोक हसले म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली.

गावात कोणी मोहाच्या दारूवर खापर फोडलं, कोणी अंगात येतं म्हणालं. गोकुळाबाईने कोणाचं ऐकून घेतलं नाही. कापणी तशीच टाकून तिने रेंगी जुंपायला लावली. गुणवंतराव स्वतःचे बैल घेऊन आले आणि हाकायला बसले. चांद्याला पोचेपर्यंत भाऊजी रेंगीत झोपूनच होता. हलवलं की डोळे उघडायचा, पुन्हा मिटायचा.

चांद्याला एक म्हातारे डॉक्टर होते. फार बोलायचे नाहीत. त्यांनी भाऊजीचे दोन्ही हात समोर धरायला लावले. डावा हळूहळू खाली आला. तळपायावरून किल्ली ओढून बघितली. बॅटरीचा उजेड डोळ्यांत टाकला आणि मला जवळ बोलावलं. उजव्या डोळ्यातली बाहुली डावीपेक्षा मोठी दिसत होती.

"डोक्याला मार लागला होता का? महिन्या-दोन महिन्यांत?"

"नाई जी," गोकुळाबाई म्हणाली.

"पडले होते? झाडावरून, बांधावरून?"

"नाई," मीही म्हणालो. गुणवंतरावांनीही मान हलवली. आमच्या मनाला खरोखर तसं काही शिवलंच नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. लकवा असावा, असं काहीसं पुटपुटले, पण त्यांचं समाधान झालेलं दिसेना. मला वाटलं, हा आपला माणूस नुसता झोपाळू गडी म्हणून यांच्यासमोर पडला आहे. तो कोण आहे हे यांना ठाऊक तरी असावं. म्हणून मी सांगायला लागलो की डॉक्टरसाहेब, हा आमच्या भागातला नावाजलेला गमत्या. याची यंदाची गंमत तुम्ही पाहायला हवी होती. बंडी उलाळते, जू डोक्यात बसतं आणि हा बैलालाच रामराम घालतो. गुणवंतरावांनाही चेव आला. त्यांनी दवाखान्यातच बैल होऊन दाखवला.

डॉक्टर हसले नाहीत. "हे त्यांना सुचलं कुठून?"

"सुचलं कायचं जी," गुणवंतराव म्हणाले, "घडलंच होतं ना त्याच्या अंगणात. दसऱ्याले."

मी गोकुळाबाईकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. सगळ्या गावाने शंभरदा पाहिलेला मार होता तो, आणि आम्ही तिघंही शपथेवर नाही म्हणालो असतो.

डॉक्टरांनी मग सावकाश समजावलं. कवटीच्या आत मेंदूभोवती पातळ वेष्टणं असतात. बारकी शीर तुटली की रक्त त्यांच्यामध्ये हळूहळू झिरपतं. बाहेर काही दिसत नाही. माणूस खातो, पितो, कामाला जातो. महिनाभराने ते साचलेलं रक्त मेंदूला दाबू लागतं. मग डोकं दुखतं, झोप येते, एक बाजू जड होते. रक्त उजवीकडे साचलं की पाय डावा ओढतो. "हे तसंच असेल तर औषधाने जाणार नाही. काढावं लागेल. आजच्या गाडीने नागपूरला न्या. उशीर कराल तर एका झोपेतून ते उठायचे नाहीत."

गुणवंतराव बैल घेऊन परतले. जाताना स्टेशनवर माणसासारखा माणूस हुंदके देत होता. आम्ही दोघं भाऊजीला घेऊन गाडीत बसलो. वरोरा आलं, गेलं. गोकुळाबाई सबंध वाटभर त्याच्या कानाशी बोलत होती. कोणत्या बांधीत किती भारे पडले, कोणाची म्हैस व्याली. तो मधूनच "हूं" करायचा. त्या "हूं"साठी ती बोलत होती, आणि वर्ध्यानंतर "हूं" येईनासा झाला तरी ती थांबली नाही.

नागपूरच्या मोठ्या इस्पितळात एक तरुण सर्जन होते. त्यांनी डोक्याचा एक्स-रे काढून उजेडापुढे धरला आणि एका पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मेंदूच्या अगदी मधोमध काही माणसांना चुन्याचा एक कण असतो. भाऊजीचा तो कण मध्यावर नव्हता, डावीकडे सरकलेला होता. उजव्या बाजूने काहीतरी ढकलतं आहे, याचा तो पुरावा. आजच्यासारखी मेंदूचे काप दाखवणारी यंत्रं तेव्हा कुठली? एक ठिपका, एक बाहुली, एक पाय आणि आमची ती गंमत, एवढ्यावर त्या माणसाने निर्णय घेतला.

"कवटीला दोन भोकं पाडावी लागतील," ते म्हणाले. "लहान, आणेलीच्या आतली. रक्त असेल तर बाहेर येईल. नसेल तर उगाच डोकं उघडलं असं होईल. आणि असूनही ते शुद्धीवर येतील याची खात्री मी देत नाही."

आमच्याकडे मेल्यावरसुद्धा डोक्याला धक्का लागू देत नाहीत, आणि इथे जित्या माणसाच्या डोक्याला सुताराचं हत्यार लावायचं. होय म्हणायचं गोकुळाबाईला. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

तिने विचारलं, "साहेब, थो वाचला तं मले वळखीन का?"

"सांगता येत नाही, बाई."

ती म्हणाली, "नाई वळखलं तं मी सांगीन त्याले मी कोण आहो म्हून. पाडा भोकं." माझ्या बहिणीला अक्षर येत नव्हतं. तिने अंगठा दिला आणि शाई पुसायची विसरून तोच हात त्याच्या कपाळावर ठेवला. ऑपरेशनला नेताना भाऊजीच्या कपाळावर तिच्या अंगठ्याचा निळा डाग होता.

आम्ही बाहेर बसलो. पुढे काय झालं ते सर्जनांनी नंतर सांगितलं. भूल फक्त डोक्याच्या कातडीला दिली होती, कारण माणूस आधीच बेशुद्ध. हाताने फिरवायच्या गिरमिटाने पहिलं भोक पाडलं. आतलं जाड वेष्टण निळसर दिसत होतं. त्याला चिरा देताच काकवीसारखं काळं, पातळ झालेलं रक्त उसळून आलं. दुसरं भोक पाडलं, मिठाच्या पाण्याने आतली जागा धुतली, धुवून पाणी स्वच्छ येईपर्यंत. आणि ते धुणं चालू असतानाच टेबलावरचा माणूस बोलला.

"काऊन बे, डोस्क्यावर कोण ठोकून राह्यला?"

सर्जन सांगताना हसत होते. म्हणाले, माझ्या हातातली पिचकारी पडता पडता राहिली. गोकुळाबाई मात्र हसली नाही. ती भिंतीला तोंड करून उभी राहिली आणि मोठ्याने रडली, आजूबाजूची माणसं बघताहेत याची पर्वा न करता. संध्याकाळी तिला आत सोडलं. भाऊजीने डोक्याच्या पागोट्याएवढ्या पट्ट्यांतून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गोकुळा, कापणी कोण करून राह्यलं?"

कापणी गावाने केली होती. आम्ही परतलो तेव्हा धान बांधून, रचून ठेवलेला होता, आणि रचणाऱ्यांत सर्वांत पुढे गुणवंतराव होते. पाय महिनाभरात सुधारला. केस उगवले. भाऊजीला त्या मंडयांमधलं मात्र काहीच आठवत नव्हतं. दसऱ्यापासून नागपूरपर्यंतचा काळ त्याच्यापुरता झालाच नव्हता. मी सगळं सांगितलं. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "लय हसले का लोक?"

"लई."

"पयले कधी एवढे हसले होते?"

मी खरं ते सांगितलं, की नाही. तो म्हणाला, "पाह्य बरं मास्तर. जिंदगीतलं सगळ्यात भारी काम केलं, अन् मीच तिथी नोयतो."

थट्टेत बोलला, पण हे त्याला लागलं होतं. पुढच्या वर्षी तालमी सुरू झाल्या तसा तो गोठ्यामागे जाऊन ती चाल करून बघायचा. मी पाहिलं आहे. नकलाकार माणूस, दोनदा पाहून कोणाचीही नक्कल उचलणारा. पोरांकडून शिकला आणि हुबेहूब करू लागला. तोच घासणारा अंगठा, तेच मध्येच थांबणं. एकदा शेणाचं टोपलं घेऊन गोकुळाबाई तिकडून आली. तिने ते बघितलं. टोपलं जागच्या जागी ठेवलं आणि घरात गेली. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही.

आमच्या गावची मंडई आली. कुठकुठून माणसं आली होती, लंगडणारा गमत्या मेला नाही, परत आला म्हणून. तणसावर जागा उरली नाही. गुणवंतराव दरबारात बसले. मी पेटीवर सूर धरला. भाऊजी आला, उजव्या बाजूला एकच मिशी, आणि सरळ चालत आला.

"लंगड! लंगड!" पोरं ओरडली. मग मोठी माणसंही ओरडायला लागली. गुणवंतराव मला डोळ्यांनी विचारत होते, आता काय?

गमत्याला लोकांचं हसणं म्हणजे काय असतं, हे मी इतकी वर्षं त्याच्या बाजूला बसून पाहिलं होतं. ते त्याच्या एका पावलावर होतं. डावा अंगठा जरा घासला असता तर सगळी मंडई डोक्यावर घेतली असती. त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं. गोकुळाबाई पुढेच बसली होती. ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती, नजर पायावर होती.

भाऊजी एकदा इकडून तिकडे गेला, मग तिकडून इकडे आला, दोन्ही पाय नीट उचलून टाकत. मग राजापुढे उभा राहून त्याने आपली जुनीच, कितीदा तरी ऐकलेली उंदराने मिशी नेल्याची गंमत सांगितली. कोणी हसलं नाही. मागची काही माणसं उठून गेली. एवढ्या गर्दीत तसा शुकशुकाट मी त्याआधी आमच्या दंडारीत ऐकला नव्हता, आणि भाऊजी त्या शुकशुकाटात ताठ उभा होता.

त्या सगळ्या मंडईत एकटी माझी बहीण हसत होती. तोंडाला पदर न लावता, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत ती हसत होती.